येतो म्हणून गेलेले ठिपके

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, असं माहेरी सगळे म्हणतात. खरंच आहे ते. कुणाचा साखरपुडा, कुणाचं भांडण — मला कळलं की संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळतं. पण एक गोष्ट आहे जी मी नवऱ्यालाही सांगितलेली नाही. आईला नाही, मैत्रिणींना नाही, देवापुढे हात जोडले तेव्हा मनातल्या मनातही नाही. हा एक तीळ गेली काही वर्षं तोंडात तसाच आहे. आज तुम्हाला सांगते. तुम्हालाच का? तुम्ही मला ओळखत नाही, एवढंच कारण असेल.

अवघड काही सांगायला लागले की मी आधी कामाबद्दल बोलू लागते, हे माझ्या लक्षात आलंय. कामाबद्दल बोलताना माझा आवाज स्थिर राहतो. तेव्हा तिथूनच सुरू करते. मुद्दा टाळतेय असं समजू नका — किंवा समजा. थोडी टाळतेच आहे.

मी पुण्याची. गुडगावमधल्या एका लहानशा कंपनीत काम करत होते. आमचं काम होतं कॅमेऱ्याच्या चित्रांतली हालचाल ओळखणं. व्हिडिओ म्हणजे एकामागून एक धरलेली स्थिर चित्रं. पहिल्या चित्रातला एक ठिपका दुसऱ्या चित्रात कुठे गेला, हे संगणक अंदाजाने ठरवतो. अंदाजाने, बरं का. त्याला हालचाल दिसत नसते, तो फक्त सारखी दिसणारी जागा शोधत असतो. कापड नक्षीदार असेल तर जागा बरोबर सापडते. कापड पांढरं सपाट असेल तर? सगळेच ठिपके एकमेकांसारखे. मग तो शेजारपाजारी बघतो — शेजारचे ज्या बाजूला चाललेत त्याच बाजूला हाही गेला असेल, असं ठोकून देतो. आणि हे ठोकून दिलेलं उत्तर आणि खरं उत्तर दिसायला अगदी सारखी असतात.

म्हणून माझ्यासारखी माणसं लागतात. उत्तरावर विश्वास कुठे ठेवायचा आणि कुठे नाही, ते तपासायचं. त्याची एक साधी युक्ती आहे. ठिपका पहिल्या चित्रातून दुसऱ्यात पाठवायचा, मग दुसऱ्यातून उलटा पहिल्यात आणायचा. जिथून निघाला तिथेच परत आला, तर त्याच्यावर विश्वास ठेवायचा. भलतीकडेच पोचला, तर ती जागा राखाडी रंगवायची. राखाडी म्हणजे — आम्हाला माहीत नाही.

या युक्तीला आमच्या ऑफिसात 'येतो' म्हणत. हरयाणवी, पंजाबी, बंगाली, सगळे. 'येतो लगाया क्या?' असं एकमेकांना विचारत. ते नाव नानांनी दिलेलं.

आता नानांबद्दल सांगायला हवं. नाना म्हणजे विद्याताईंचे वडील. विद्याताई केंद्र सरकारच्या नोकरीत, लग्न केलेलं नाही, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये वडिलांबरोबर राहायच्या. मी दिल्लीत नवी असताना मराठी मंडळाच्या गणपतीत त्यांची ओळख झाली आणि पुढच्या रविवारी मी त्यांच्याकडे वरणभात खात बसले होते. मग दर रविवारीच. माझी भाषा तेव्हा पार बिघडली होती. दिवसभर हिंदी, उरलेलं इंग्रजी. एकदा निघताना मी म्हटलं, 'चला, जाते मी.' नाना खाटेवरून उठून बसले. म्हणाले, जाते म्हणायचं नाही, येते म्हणायचं. दिल्लीतल्या पोरांना हे कुणी शिकवत नाही, तू तर चांगली पुण्याची. मी हसले आणि त्यांना माझं काम सांगितलं — ठिपका जातो, परत येतो, येत नाही. त्यांनी नीट ऐकून घेतलं.

'म्हणजे येतो म्हणून गेलेला परत आला का, एवढंच बघायचा पगार घेतेस,' नाना म्हणाले.

तेव्हापासून 'येतो'. ऑफिसात मी तो किस्सा सांगितला आणि नाव चिकटलं. नानांना त्याचा फार अभिमान होता, सगळ्या पाहुण्यांना सांगायचे.

पुढे नानांचं हृदय थकलं. डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं. विद्याताईंनी लांब रजा घेतली आणि त्या घरातच अडकल्या. नानांच्या छातीकडे बघत बसायच्या. वर्तमानपत्र हातात, डोळे छातीवर. न्हायला गेल्या तरी दार किलकिलं. त्याच सुमारास आमच्या कंपनीने एक नवं काम हाती घेतलं होतं — खाटेसमोर कॅमेरा लावायचा आणि अंगाला काहीही न चिकटवता श्वास मोजायचा. छाती वर येते, खाली जाते, तेवढीच हालचाल धरायची. श्वास चालू असेल तर फोनवर हिरवी रेघ वर-खाली होत राहायची. श्वास थांबला किंवा दिसेनासा झाला तर घंटा. मीच म्हटलं, आपल्याकडे लावूया. मीच. मला कुणी सांगितलं नव्हतं. नाना म्हणाले, बघू दे तुझ्या यंत्राला, नाहीतरी माझ्याकडे बघण्यासारखं आता काय उरलंय.

आणि ते उत्तम चाललं. त्याचं श्रेय माझ्या हुशारीला नव्हे, नानांच्या गोधडीला. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून शिवलेली, लाल, हिरवी, ठिपक्यांची, चौकड्यांची. संगणकाला असं कापड म्हणजे मेजवानी. प्रत्येक तुकड्याचा कोपरा सापडायचा, प्रत्येक ठिपका जायचा आणि परत यायचा. राखाडी जवळपास नाहीच. विद्याताई स्वयंपाकघरात फोन ओट्यावर उभा करून पोळ्या लाटायच्या. कितीतरी महिन्यांनी त्यांनी केसांना मेंदी लावली. मला म्हणाल्या, तू मला माझे हातपाय परत दिलेस. हे ऐकायला कुणाला आवडणार नाही? मला फार आवडलं. इतकं आवडायला नको होतं.

मग एका रविवारी करोल बागेतले त्यांचे नातेवाईक नानांना बघायला येणार होते. पाहुणे येणार म्हणून विद्याताईंनी ती गोधडी काढून धुवायला टाकली आणि नानांच्या अंगावर नवं कोरं पांढरं ब्लँकेट घातलं. आपल्याकडे हे असंच असतं ना? पाहुणे आले की रोजचं ते आत आणि ठेवणीतलं ते बाहेर. मी तिथेच होते. ब्लँकेट बघितलं आणि मला कळलं की आता पंचाईत होणार. पण गोधडीच बरी होती असं पाहुण्यांच्या तोंडावर कसं म्हणायचं?

चहा झाल्यावर विद्याताईंनी कौतुकाने फोन पुढे केला. सगळी स्क्रीन राखाडी. नाना खाटेवर जागे, बोलत होते, हसत होते — आणि माझं यंत्र म्हणत होतं, माहीत नाही. घंटा वाजली. विद्याताईंनी बंद केली. पुन्हा वाजली. त्यांचा एक चुलतभाऊ म्हणाला की हे तर दिल्लीच्या हवेसारखंच आहे, समोरचा माणूसही दिसत नाही. सगळे हसले. नानाही हसले. मीही हसले, पण मला ते लागलं. फार लागलं.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात आमच्या साहेबांनीही तेच तुणतुणं लावलं होतं. ते बरेच दिवस म्हणत होते, 'यार, “पता नहीं” कौन ख़रीदेगा?' — 'माहीत नाही' म्हणणारं यंत्र विकत कोण घेणार, असं. पण मी त्यांच्यावर ढकलत नाही. त्यांनी मला काही करायला सांगितलं नव्हतं. मी माझ्या खुर्चीत बसून, माझ्या हाताने, नानांच्या घरच्या यंत्रावरचा 'येतो' बंद केला. विद्याताईंना फोन केला आणि म्हटलं, आता घंटा त्रास देणार नाही, मी दुरुस्त केलंय. दुरुस्त — हाच शब्द वापरला मी.

गोधडी परत घाला, एवढं म्हटलं असतं तरी चाललं असतं. एक वाक्य. पण मग पांढऱ्या ब्लँकेटपुढे माझं यंत्र हरतं हे कबूल करावं लागलं असतं, आणि करोल बागेतला तो चुलतभाऊ माझ्या डोक्यात अजून हसत होता. शिवाय गोधडी वाळतच नव्हती. धुकं दुपारपर्यंत हटत नव्हतं, दोरीवरची ती जड गोधडी ओलीच्या ओलीच. नाना पांढऱ्या ब्लँकेटखाली आणि फोनवर छान हिरवी रेघ. वर, खाली. ती कुठून येते हे मला ठाऊक होतं. खाटेला लागूनच खिडकीचा पडदा होता आणि खाली गरम हवेचा ब्लोअर चालू असायचा. त्या वाऱ्याने पडदा हळूहळू फुगायचा आणि बसायचा. संगणकाला पांढऱ्या ब्लँकेटवर काही सापडत नव्हतं, म्हणून तो शेजाऱ्याकडे बघत होता. नानांच्या छातीच्या जागी तो पडदा मोजत होता.

एकदोन दिवसांचाच प्रश्न आहे, असं मी स्वतःला म्हटलं. गोधडी वाळली की 'येतो' पुन्हा चालू करू. असं सगळेच म्हणतात ना?

त्या आठवड्यात एका दुपारी विद्याताई बाजारात गेल्या. किती महिन्यांनी! बाजार घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर. नानांना कानटोपी आणायची होती. तिथूनच त्यांनी मला फोन केला. मागे विक्रेत्यांचा ओरडा. म्हणाल्या, तुझ्यामुळे आज मी इथे उभी आहे गं, आणि फोनवर नानांचा श्वास बघत टोप्या निवडतेय. मला इतकं बरं वाटलं की मी लॅपटॉपवर त्यांच्या घरची खिडकी उघडून बघितली. हिरवी रेघ. वर, खाली, संथ. ती कुणाची आहे हे अख्ख्या जगात फक्त मला ठाऊक होतं. मी खिडकी बंद केली आणि चहा प्यायला गेले.

चार घोट चहा. आजही चहा पिताना —

असो. पुढचं सांगते.

फोन आला तो शेजारच्या बाईंचा. हिंदीत एवढंच म्हणाल्या, 'बेटा, नाना नहीं रहे, आ जाओ.' मेट्रोने, मग रिक्षाने गेले. त्यांच्या क्वार्टरच्या आसपासचे ब्लॉक पाडायला काढले होते. लोक निघून गेलेले, दारं-खिडक्या काढून नेलेल्या, धुक्यात भिंतींना नुसती चौकोनी भोकं. त्या सगळ्यात एकाच खिडकीत दिवा. रिक्षावाला आत यायला तयार होईना, इथे कोण राहतं म्हणाला.

विद्याताई रडत नव्हत्या. त्यांनी मला सगळं नीट सांगितलं, दोनदा. बाजारातून आले, नानांना हाक मारली, झोपलेत असं वाटलं, रेघ हिरवीच होती. चहा केला. त्यांच्याजवळ बसले. कानटोपी दाखवली, आवडली का विचारलं — आणि मेघना, तेव्हा रेघ उडी मारून वर गेली गं. उजेडात नीट दिसावी म्हणून मी पडदा सारला, टोपी पुढे धरली, आणि त्यांनी मोठा श्वास घेतला. मग बराच वेळ बोलत बसले. मग कपाळावर हात ठेवला तर गार.

पडदा सारला, म्हणाल्या. मी ऐकलं ते.

गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेले डॉक्टर आले होते. त्यांनी नानांचं मनगट वाकवून बघितलं आणि चेहरा जरा वेगळा झाला. हळू आवाजात म्हणाले की याला बराच वेळ झालेला दिसतो. विद्याताई म्हणाल्या, नाही डॉक्टरसाहेब, मी बसले तेव्हा श्वास चालू होता, मशीनमध्ये आहे, हिला विचारा, हिनेच बनवलंय. डॉक्टर माझ्याकडे वळले. विद्याताईही.

'मैं बैठी थी तब थे ना?' असं त्यांनी आधी हिंदीत विचारलं, डॉक्टरांसाठी. मग माझा हात धरून मराठीत. 'टोपी दाखवली तेव्हा होते ना गं ते?'

'होते,' मी म्हटलं. 'तुमचीच वाट बघत होते.'

दुसरं वाक्य कुणी विचारलंही नव्हतं. ते मी आपल्या पदरचं घातलं. ते का घातलं, याचा मी फार विचार केलाय. विद्याताईंना बरं वाटावं म्हणून? असेल. पण पहिलं वाक्य कुणी पुन्हा तपासू नये म्हणूनही. जीव कुणासाठी तरी अडकून राहतो यावर आपला सगळ्यांचा विश्वास असतो, आणि त्या विश्वासावर बोट ठेवायला कुणी धजत नाही. डॉक्टर थोडे घुटमळले. थंडीत अंग लवकर गार पडतं, असं स्वतःशीच म्हणाले. मरणाची वेळ त्यांनी माझ्या शब्दावर लिहिली. हात लावून बघितलेला माणूस — आणि त्याने आपल्या हातापेक्षा माझ्या यंत्रावर विश्वास ठेवला.

मग चौघांनी मिळून नानांना खाली घेतलं, जमिनीवर. डोक्याशी दिवा लावला. मी भिंतीला टेकून बसले होते, आणि त्यांची छाती हलताना मला दिसली. खरंच. पांढरी चादर हळूच वर आली आणि बसली. मी ताडकन उठले. शेजारच्या बाईंनी मला खांद्याला धरून खाली बसवलं, म्हणाल्या असं सगळ्यांना दिसतं, टक लावून बघू नकोस. म्हणजे डोळेही तेच करतात. काही सापडेना की आपलंच ठोकून देतात.

विद्याताईंचा फोन स्वयंपाकघरात ओट्यावरच राहिला होता. पाणी आणायला गेले तेव्हा मला तो दिसला. खोलीतला कॅमेरा अजून चालू होता आणि खाटेकडेच रोखलेला होता. खाटेवर आता कुणी नव्हतं. एक चुरगळलेलं ब्लँकेट, बस्स. शेजारी पडदा.

हिरवी रेघ चालू होती. वर, खाली. संथ, समाधानी, झोपलेल्या माणसाची.

मी किती वेळ बघत उभी राहिले मला सांगता यायचं नाही. नजर हलेना. त्या रिकाम्या खाटेवर कुणीतरी श्वास घेतंय आणि ते माझ्या सांगण्यावरून घेतंय असं वाटत होतं. मग पाऊल वाजलं आणि मी यंत्र बंद केलं. विद्याताई आत आल्या, फोन उचलला, काळ्या स्क्रीनकडे बघितलं आणि माझ्या गळ्यात पडून पहिल्यांदा रडल्या.

दुसऱ्या दिवशी मी ऑफिसात गेले. भर दुपार, आजूबाजूला सगळे काम करत होते. आदल्या दिवसाचा व्हिडिओ काढला आणि त्याच्यावर 'येतो' चालवला. हे करायलाच हवं होतं का? नसतं केलं तर निदान मला माहीत नाही असं तरी म्हणता आलं असतं. नानांची छाती, पोट, खांदे, सगळीकडे राखाडी. ठिपके निघाले आणि परत आले नाहीत. एक जागा मात्र राखाडी नव्हती. नानांचा उजवा हात ब्लँकेटवर होता, आणि त्यांच्या बोटांखाली ब्लँकेटला एक घडी पडली होती. तेवढ्या घडीवर संगणकाला धरायला काहीतरी सापडत होतं. विद्याताई दारातून 'नाना, येते हं' म्हणतात, तो हात जरा वर होतो आणि पुन्हा घडीवर येतो. मग ती घडी हलत राहते. वर, खाली. तिथले ठिपके जातात आणि नेमके परत येतात.

मग ते जायचेच थांबतात. जिथल्या तिथे. शंभर टक्के विश्वासार्ह, आणि अजिबात न हलणारे.

विद्याताई तेव्हा बाजारात पोचल्याही नसतील. 'येतो' चालू असता, तर ती घडी थांबताच घंटा वाजली असती आणि त्या गल्लीच्या तोंडावरून धावत परत आल्या असत्या. नाना वाचले असते का? माहीत नाही. या ठिकाणी मी राखाडी रंगवते आणि ते प्रामाणिक आहे. पण ते एकटे गेले नसते. डॉक्टरांचा दवाखानाही तिथेच होता. आणि त्यांच्या मुलीने त्यांच्या प्रेताला टोपी दाखवून आवडली का असं विचारलं नसतं. व्हिडिओत ते आहे. ती टोपी पुढे धरून वाकते, वाट बघते, आणि मग हसते. मी तो भाग एकदाच बघितला.

'येतो' त्याच दिवशी मी सगळ्या घरांतल्या यंत्रांवर पक्का बसवला, कुणालाही बंद करता येणार नाही असा. साहेबांना काहीतरी तांत्रिक कारण सांगितलं. हे मी स्वतःच्या बाजूने सांगत नाहीये. चोरानेच मग दाराला कुलूप लावावं, तसलं ते.

तेराव्याला विद्याताईंनी मला व्हिडिओचा तो शेवटचा तुकडा मागितला. नानांच्या छातीवर हालचालीचे बारीक रंगीत बाण आणि खाली हिरवी रेघ, असा. हरवला, पुसला गेला, काहीही म्हणता आलं असतं. मी दिला. मूळ व्हिडिओ पुसून टाकला आणि बाणांसह तुकडा तेवढा दिला, कारण बाण होते म्हणून छाती हलल्यासारखी दिसत होती. पुढे साहेबांनी त्यांना गुडगावच्या एका हॉलमध्ये बोलायला बोलावलं. त्या गेल्या. मोडक्यातोडक्या इंग्रजीत आणि मग हिंदीत त्यांनी सांगितलं की या मशीनमुळे मी वडिलांच्या शेवटच्या श्वासाशी होते. पुढच्या रांगेतले लोक डोळे पुसत होते. मी मागे बसले होते. टाळ्या मीही वाजवल्या.

ती नोकरी मी नंतर सोडली. त्याचा याच्याशी संबंध नाही — पगार कमी होता. उगीच पश्चात्तापाने सोडली असं तुम्हाला वाटू नये.

विद्याताई आता निवृत्त झाल्यात, नोएडाला फ्लॅटमध्ये राहतात. नानांच्या तिथीला मला दरवर्षी जेवायला बोलावतात आणि मी दरवर्षी जाते. जेवण झालं की टॅब काढतात आणि तो तुकडा लावतात. आलेल्या पाहुण्यांना बोट ठेवून दाखवतात — ही बघा टोपी, हा बघा श्वास. पाहुणे मान हलवतात. मला त्यात फक्त पडदा दिसतो. बाकी सगळ्यांना नाना दिसतात.

यंदा पाहुणे कुणी नव्हते. आम्ही दोघीच. त्यांनी तुकडा लावला, टॅब डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, दिव्याखाली धरला. पुन्हा लावला.

'मला हल्ली छाती हललेली दिसतच नाही गं,' त्या म्हणाल्या. 'पडदाच हलतोय असं वाटतं. मोतीबिंदू पिकलाय ना. तुला दिसतंय?'

त्यांनी टॅब माझ्या हातात दिला आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मी तुकडा पहिल्यापासून शेवटपर्यंत बघितला, मध्ये थांबवला नाही, नजर बाजूला घेतली नाही.

'दिसतंय,' मी म्हटलं.

'बरं झालं,' त्या म्हणाल्या. 'पुढच्या महिन्यात ऑपरेशन आहे. मग मीही नीट बघेन.'